गच्चीवर भाजीपाला लावला तर चौघांच्या घराचा भाजीचा खर्च खरंच वाचतो का?

तुम्ही विचारलंय, घरात चौघं, दोनशे फुटांची गच्ची, भाजी लावली तर महिन्याला किती पैसे वाचतील. पहिल्या वर्षी एक रुपयाही वाचणार नाही, उलट जातील. एवढं लिहून थांबले असते, पण याच हिशोबावरून आमच्या घरात आठ वर्षं कुरबुर चालू आहे, त्यामुळे जरा लांबेल.

आम्ही नाशिकचे. गिरणारे, दिंडोरी बाजूने टोमॅटोच्या गाड्या भरभरून येतात, आणि भाव पडला की शेतकरी कॅरेटच्या कॅरेट रस्त्यावर ओततात. अशा गावात मी गच्चीवर टोमॅटो लावले. माझे मोठे दीर, आमचे भाऊजी, एका रविवारी जेवण झाल्यावर वही घेऊन बसले. कोकोपीट, शेडनेट, बियाणं, निंबोळी पेंड, सगळ्याची बेरीज केली, निघालेल्या टोमॅटोंच्या संख्येने भागली आणि पाहुण्यांसमोर म्हणाले, "हा एक टोमॅटो अठरा रुपयांना पडला बरं का." बेरीज बरोबर होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि टोमॅटोपुरतं आजही नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या वर गेला, तेव्हा सगळ्यांनी मला विचारलं, आता तुमची चैन असेल ना? माझ्या झाडांवर तेव्हा करप्याने काळी पडलेली पानं होती. जो पाऊस शेतातलं पीक खातो तोच गच्चीवरही पडतो. बाजारात महाग असेल तेव्हा आपल्याकडे भरपूर, असं बहुतेक वेळा होत नाही. हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगितलं.

आता दुधीचं.

सासूबाई साक्री तालुक्यातल्या. सासरे गेल्यावर त्या नाशिकला आल्या तेव्हा येताना जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून दुधीचं बी आणलं होतं. त्यांच्या माहेरचं. बुटका, बुडाशी गोल दुधी, साल इतकी कोवळी की नखाने निघावी. आम्ही तो पाण्याच्या अर्ध्या कापलेल्या टाकीत लावला आणि सोलरच्या स्टँडवर चढवला. वेल झकास वाढला, फुलंही आली, पण बोटभर दुधी धरायचा आणि पिवळा पडून गळायचा. मी पाणी कमी केलं, जास्त केलं, शेणखत घातलं. काही फरक नाही. शेवटी सासूबाईच एके रात्री म्हणाल्या, "अगं, मळ्यात अंधार पडला की पाखरं येतात फुलांवर. इथे तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर कोण येणार?"

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळपर्यंत मान टाकतं. कारलं, काकडी, डांगर यांची फुलं सकाळची, तिथे मधमाश्या काम करून जातात. दुधीला रात्रीचे पतंग लागतात. ते नसतील तर माणसाने करायचं. नर फूल लांब देठावर येतं, मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. मी कामावरून सात वाजता यायची, त्यामुळे हे काम सासूबाईंनी घेतलं. गुडघे दुखत असताना रोज जिना चढायच्या, हातात बॅटरी. वर्षभर ज्या बाई खोलीतून फार बाहेर येत नव्हत्या, त्या चार वाजल्यापासून आभाळाकडे बघायला लागल्या. त्या हंगामात तेवीस दुधी निघाले. पहिला वर भाऊजींकडे गेला, कारण गच्चीखालचा मजला त्यांचा.

ऑगस्टमध्ये भाऊजींच्या झोपायच्या खोलीत छताला ओल आली. आम्ही खालचे सगळे एका लग्नाला मालेगावला गेलो होतो. परत आलो तर वेल बुडापासून कापलेला, टाकी पालथी, माती पोत्यांत भरून जिन्यात ठेवलेली. वेलावर सहा लहान दुधी होते आणि एक मोठा, बियाण्यासाठी राखलेला. बियाण्याचा दुधी वेलावरच वाळावा लागतो, हलवला की आत खुळखुळ वाजेपर्यंत. तो अजून हिरवा होता. फोडून पाहिला तर बी पांढरी, मऊ. सासूबाईंनी ती तरीही राखेत घोळून वाळवली. पुढच्या जूनमध्ये एकही उगवली नाही. साक्रीला विचारलं, तर तिथेही आता पाकिटातलं हायब्रीड बी लावतात.

छत मात्र गळतच राहिलं. पुढच्या पावसाळ्यात प्लंबरने फरशी उकरली तेव्हा कळलं, सोलरचा पाइप जिथून स्लॅबमध्ये उतरतो तिथला सांधा सुटला होता. सिमेंट भरलं, ओल थांबली. त्यावर कोणीच काही बोललं नाही.

२०२० च्या जानेवारीत अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री जाहीर झाली. घरच्या परसात गावरान बियाणं जपलं, वाढवलं, बायकांना वाटलं, त्यासाठी. ती बातमी आमच्याकडे भाऊजींनीच मोठ्याने वाचून दाखवली, कौतुकाने. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मी तेव्हा गप्प राहिले, इथे लिहिते. त्या वहीत टोमॅटोचा भाव निघतो, पण सत्तर वर्षांच्या बाईने माहेरून आणलेलं बी त्यात कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मला भाऊजींनी सांगावं. तुमच्या घरातही असा वही काढणारा कोणीतरी असणार, म्हणून तुम्ही हा प्रश्न विचारलाय असं मला वाटतं.

तरी तुम्हाला पैशांचंच हवं असेल तर: जे किलोने लागतं ते लावू नका. कांदा, बटाटा, फ्लॉवर, कोबी गच्चीवर नकोच. जे चिमूटभर आणि रोज लागतं ते लावा. कढीपत्त्याचं एक झाड, मिरचीची तीन-चार, गवती चहा, आलं, पुदिना. कोथिंबिरीची जुडी दहाची घ्या नाहीतर महागाईत शंभरची, अर्धी फ्रीजमध्ये कुजतेच. तो पैसा खरा वाचतो. धने अख्खे पेरू नका, पोळपाटावर लाटण्याने रगडून दोन फाका करा, आणि एप्रिल-मेमध्ये नाद सोडा.

त्याच्यानंतर पालेभाज्या. बाजार समितीच्या बाहेर टोमॅटोचे जुने कॅरेट मिळतात, त्यांना आतून शेडनेट लावा, खाली रसवंतीवाल्याकडचं चिपाड आणि पालापाचोळा, वर माती. मेथी पंचवीस दिवसांत तयार. एका कॅरेटमध्ये चौघांची भाजी जेमतेम होते, पण घोळाणा भरपूर होतो. कोवळी मेथी उपटून, धुऊन, बारीक चिरून, त्यात कांदा, शेंगदाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. भाकरीबरोबर तिथल्या तिथे खायचा. विकतच्या दोन दिवसांच्या मेथीचा घोळाणा कडू लागतो, यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये. मायाळूची एक फांदी खोचली की वर्षानुवर्षं भजी. दोन-चार मुळे उपटायचे नाहीत, फुलू द्यायचे, मग डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, येतात. त्या आमच्याकडे बाजारात आठ दिवस दिसल्या तर दिसल्या. गिलकी, म्हणजे घोसाळी, सोपी, फारसं काही मागत नाहीत. माझी धाकटी विकतचं गिलकं ताटात बाजूला काढते, वेलावरून स्वतः तोडलेलं खाते. पहिल्या वर्षी माझे साधारण सात हजार गेले. चौथ्या वर्षापासून फक्त बी आणि पेंड, म्हणजे हजाराच्या आत.

एक गोष्ट कबूल करते. भाऊजींची भीती अगदीच खोटी नव्हती. ओली माती एका घनफुटाला पन्नास किलोच्या आसपास भरते, आणि आम्ही ती टाकी स्लॅबच्या मधोमध ठेवली होती. ते चूक होतं. जड काही असेल तर ते कडेला, तुळईच्या वर ठेवा, प्रत्येक कुंडी विटांवर उचला म्हणजे खाली पाणी साचणार नाही, आणि वॉटरप्रूफिंग जुनं असेल तर आधी ते करून घ्या. खालच्या मजल्यावर दुसरं कुटुंब असेल तर त्यांना विचारून लावा, आणि त्यांनी काही कापण्याआधी तुम्हाला विचारावं हेही त्याच दिवशी बोलून घ्या.

दुधी लावलात तर चिरताना प्रत्येक दुधीची एक पातळ चकती जिभेला लावून बघा. कडू लागला तर सरळ फेका, मीठ-साखर घालून चालवू नका, त्याने माणसं दवाखान्यात पोचतात. आणि सूर्य मावळल्यावर अर्धा तास गच्चीवर जाऊ शकेल असं माणूस घरात नसेल, तर त्या टाकीत गिलकीच लावा.