पाऱ्याची बहीण नव्हे, गॅलियमच!

प्रश्न : बाई, मी एका ॲनिमे मालिकेची मोठी फॅन आहे. तिच्यातले सगळे योद्धे धातूंचे बनलेले आहेत. त्या जगात शोभेल असं माझं स्वतःचं पात्र, म्हणजे आम्ही ज्याला ओसी म्हणतो ते, मी तयार करतेय. गॅलियम निवडलं, कारण ते तळहातावर वितळतं. चंदेरी केस, चंदेरी तलवार, आणि हवं तेव्हा तिचं अंग द्रव होतं. पण मैत्रीण वही बघून म्हणाली, "हा तर पारा!" आता मी काय बदलू?
— इयत्ता नववी, गडहिंग्लज

उत्तर : मैत्रीण खरं बोलली आणि वेळेवर बोलली. चंदेरी आणि वाहती, एवढंच सांगितलंस तर कुणालाही पाराच आठवणार. गॅलियमचा रंग तू उचललास, स्वभाव अजून वहीत आलेला नाही.

माझ्याकडे दहा ग्रॅम गॅलियमची एक बाटली आहे. शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते तेव्हा पदरच्या पैशांनी घेतलेली. डिसेंबरच्या सकाळी कपाट उघडलं की ते खड्यासारखं घट्ट, आणि एप्रिलच्या दुपारी त्याच कपाटात पाण्यासारखं डुचमळणारं. त्याचा द्रवणांक २९.७६ अंश सेल्सिअस. पारा उणे ३९ अंशांच्या आसपास गोठतो, म्हणजे आपल्याकडे तो बारा महिने द्रवच. वितळू की नको, हा पेच पाऱ्याला कधी पडत नाही; तुझ्या मुलीला रोज पडतो. म्हणून "हवं तेव्हा द्रव होते" हे वाक्य आधी खोड. तिला हवं असो वा नसो, कुणी हात धरला की ती वितळायला लागणार. जिवलग मैत्रिणीचा हातही जिला फार वेळ धरता येत नाही, अशी मुलगी मला वाचायला आवडेल.

आता चित्रापुरतं. पारा काचेवर पडला की गोळ्या होऊन पळतो, मागे काही ठेवत नाही. गॅलियम काचेला चिकटतं, कातडीलाही. वर्गात दाखवून झालं की माझी बोटं करडी व्हायची, साबणाने दोन-तीनदा धुवावी लागायची. तेव्हा गोल थेंब काढू नकोस, पसरलेला, आरशासारखा पातळ थर काढ. ती जिथे टेकेल तिथे तिचा ठसा उरतो. तिला लपता येत नाही. आणि ती गोठताना आकसत नाही, पाण्याच्या बर्फासारखी फुगते, सुमारे तीन टक्के. माझी बाटली प्लॅस्टिकची आहे ती याचसाठी. काचेची असती तर तडकण्याची भीती. घन गॅलियम मोडलं की काचेसारखं, शिंपल्याच्या वळणाने मोडतं. तलवार ठेवायचीच असेल तर धार तशी काढ.

पण खरी गोष्ट ॲल्युमिनियमशी आहे. १८७१ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने आपल्या आवर्तसारणीत ॲल्युमिनियमखाली एक जागा रिकामी ठेवली आणि तिथल्या न सापडलेल्या मूलद्रव्याला नाव दिलं 'एका-ॲल्युमिनियम'. हे 'एका' आपल्या संस्कृतातल्या 'एक'वरून. घनता ५.९ च्या आसपास असेल, असंही सांगून ठेवलं. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ लकोक द ब्वाबोद्रां यांना जस्ताच्या खनिजात, वर्णपटातल्या (प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या) दोन जांभळ्या रेषांवरून, ते सापडलं. फ्रान्सचं लॅटिन नाव गॅलिया, त्यावरून गॅलियम. त्यांनी मोजलेली घनता आली ४.७. मेंडेलीव्हने कळवलं, नमुना पुन्हा शुद्ध करून बघा. त्यांनी केला, आणि ५.९ आली! हे शिकवताना दरवर्षी माझ्या अंगावर काटा यायचा. जिची वाट कुणीतरी ती सापडायच्या आधीपासून बघतंय, अशी मुलगी आहे ही. तिचं नाव 'एका' ठेवशील का? केसांत दोन जांभळ्या बटा दे, बाकी सगळी निळसर चंदेरी राहू दे.

तुमच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पठारांवर बॉक्साइट निघतं, तुला माहीत असेलच. ॲल्युमिनियमच्या या खनिजात गॅलियमही अगदी किंचित असतं, आणि जगातलं बहुतेक गॅलियम बॉक्साइटवर प्रक्रिया करतानाच हाती लागतं. म्हणजे दोघं एका घरचे. तरी गॅलियमचा थेंब ॲल्युमिनियमच्या कणांमधल्या सीमांत शिरतो आणि त्याला आतून ठिसूळ करतो. मी शीतपेयाच्या कॅनवर हे करून दाखवलं होतं; दुसऱ्या दिवशी बोटाने दाबलं तर पत्रा पापडासारखा मोडला. मात्र आधी पत्रा खरवडावा लागला होता, कारण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचं चिलखत असतं. तुझ्या मालिकेत ॲल्युमिनियमचा योद्धा असेल तर त्याला 'एका'चा शत्रू करू नकोस, भाऊ कर. त्याच्या चिलखतावर ओरखडा नाही तोवर ती त्याच्याजवळ बसू शकते. ओरखडा उठला की तिने स्वतःहून दूर जायचं. (हा प्रयोग घरी एकटीने करू नकोस, शाळेत बाईंच्या देखत कर.)

चित्र कुठे देशील तिथे मूळ मालिकेचं आणि तिच्या निर्मात्यांचं नाव लिही. जग त्यांचं, 'एका' तुझी.

प्रश्न : माझा नायक हेलियम आहे. आमच्याकडे विजयदुर्गावर साहेबाचे ओटे, म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी ग्रहण बघायला दुर्बिणी मांडल्या ते चबुतरे, दाखवतात, तिथूनच हेलियम सापडला म्हणतात. त्याचा जन्म किल्ल्यावर दाखवू ना?
— इयत्ता आठवी, देवगड

उत्तर : जन्म नको, भेट दाखव. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला, हेलियमच्या शोधात ज्यांचं नाव लॉकयर यांच्याबरोबर येतं ते फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकयर तेव्हा भारतात नव्हते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटात हेलियमची, तेव्हा अनोळखी असलेली, पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्याआधी, १८९५ मध्ये, ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात सापडला होता. सत्तावीस वर्षं तो फक्त सूर्यावरचा रहिवासी म्हणून माहीत होता. तेव्हा ओट्यावर दुर्बिणी मांडल्यात, सगळ्यांच्या माना वर आहेत, आणि त्या गर्दीत मागे उभा राहून तुझा पिवळ्या डोळ्यांचा मुलगा आपलं जुनं घर झाकलं जाताना बघतोय, असं चित्र काढ. झालं की मला पाठव.