उसवता येतं तोवर दाखव

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ‘काकू, वाकळ पूर्ण झाली की मगच गटात आणेन, तोवर नको.’ एवढंच. कारण तू लिहिलं नाहीस, पण मी समोरच बसले होते. आपल्या शिवणाच्या गटात तू सतरंजीवर तुझी पुराची वाकळ, जुन्या लुगड्यांची ती गोधडी, पसरलीस आणि पहिला चहा येईपर्यंत जो तो बोलून मोकळा झाला. एक म्हणाली पाण्याची रेघ आणखी वर घे. दुसरी म्हणाली नुसत्या रेघा काय, माणसं दाखव, होड्या दाखव. तिसरीने तर ही वाकळच नव्हे म्हणून निकाल दिला, कारण वाकळीचा धावदोरा काठाकाठाने फिरत आत यायला हवा. तू मान हलवत राहिलीस, मग घडी घातलीस आणि निघालीस. त्या घडी घालण्याबद्दल हे पत्र आहे.

विषय चांगला आहे वगैरे मी लिहीत बसणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. २०२१ च्या जुलैत पुन्हा गावात पाणी. त्या पाण्यात बुडालेली, कितीही धुतली तरी गाळाचा डाग न सोडणारी लुगडी घ्यायची, आणि टाक्यांच्या आडव्या ओळी घालत पाणी चढवत न्यायचं, हे सांगलीच्याच पोरीला सुचणार. तिथे मला तुझी काळजी नाही. काळजी आहे ती तू ते कपाटात ठेवून एकटीच पुरं करशील याची.

त्या दिवशी तुझं लक्ष बोलणाऱ्यांकडे होतं. हरिपूरच्या आक्का एक शब्द बोलल्या नव्हत्या, ते तू पाहिलंस का? त्यांनी वाकळीचा कोपरा उचलला, एक हात खाली घातला, एक वर ठेवला, आणि दोन तळव्यांच्या मध्ये कापड चाचपत तिसऱ्या ओळीपाशी थांबल्या. तू गेल्यावर मला म्हणाल्या, ‘वरचं पातळ पुढं सरकलंया, खालचं हाय तिथंच हाय. पोरीनं कडंलाच टाचलंय.’ बरोबर आहे त्यांचं. चार थर आहेत तुझे. कडेला टाचून मधलं मोकळं ठेवलंस, आणि सगळ्या ओळी एकाच अंगाने घालत निघालीस. दर ओळीला सुई वरचा थर जरासा पुढे ढकलते. तिसऱ्या ओळीपाशी बारीक चुणी आहे, डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागते. आणखी डझनभर ओळी घातल्यास की तीच चुणी मधोमध बोटभर जाड होऊन बसेल, आणि मग इस्त्री फिरव नाहीतर वजन ठेव, ती हलायची नाही.

म्हणून सांगते, उसवता येतं तोवर दाखव.

उसवण्यालाही हद्द असते. नवं मांजरपाट असतं तर चारदा उसवलंस तरी चाललं असतं. तुझ्याकडे आहे ते वर्षानुवर्षं वापरून मऊ झालेलं सूत, त्यात दिवसचे दिवस चिखलात पडलेलं. एकदा टाका काढलास तर भोक राहतं, पाण्याचा हात फिरवला की मिटतं. दुसऱ्यांदा काढलास तर भोकं एकमेकांना मिळायला लागतात. तिसऱ्यांदा कापडच सुटतं. हे कापड तुला एकदाच माफ करणार आहे. ती एक संधी आत्ताच्या पाचसहा ओळींवर खर्च करायची की पूर्ण झालेल्या वाकळीवर, ते तू ठरव. पूर्ण करून आणलीस तर आम्ही तरी काय सांगणार? चुणी दिसली तरी तुझ्या तोंडाकडे पाहून गप्प बसू. त्या गप्प बसण्याचा तुला काडीचा उपयोग नाही.

आणि अर्धवट काम दाखवायची ही लाज आली कुठून? आमच्याकडे वाकळ झाकून कोणी शिवलीच नाही. शिवणार कुठे? नऊवारी लुगडी जोडून पसरली की ती सोप्यात नाहीतर अंगणातच मावायची. चार बायका चार कडांना बसायच्या. कोणी मीठ मागायला आली तरी दोन ओळी घालून जायची, आणि जाताना ‘हिकडं वढ बसलीया’ म्हणून सांगून जायची. त्याला कोणी टीका म्हणत नव्हतं. ज्या वाकळीवर बोट ठेवायला अंगणभर बायका होत्या, त्या वाकळी दोन पिढ्या पांघरल्या गेल्या.

कशिद्यात तर हे आणखी स्पष्ट दिसतं. तुला गवंतीचा टाका शिकवला तेव्हाचं आठवतं का, जाताना एक टाका वर, एक खाली, आणि परत येताना मोकळ्या राहिलेल्या जागा भरायच्या. दोन्ही बाजू सारख्या, गाठ कुठेच नाही, कापडावर छाप नाही, सगळं तारा मोजून. जाताना एक तार चुकली तर त्या क्षणी काहीच बिघडलेलं दिसत नाही. परतीच्या वाटेवर कोपरा जुळत नाही, तेव्हा कळतं, आणि तोवर गोपुराची अख्खी नक्षी भरत आलेली असते. म्हणून इरकलीवर कशिदा काढणाऱ्या जाणत्या बायका परतीला लागण्याआधी कापड शेजारणीच्या मांडीवर टाकतात. तिने नुसत्या तारा मोजायच्या. सुंदर आहे का, हा प्रश्नच नाही तिथे.

आता माझं ऐक, कारण हे मी पुस्तकातून सांगत नाही. लग्नानंतर मुंबईत मी ऑर्डरचं भरतकाम घेत होते. वरून नमुना यायचा, मी दार लावून बसायचे, पुरं झालं की पोचवायचं. माल घेणारा मोजून घ्यायचा आणि म्हणायचा, छान. घरातले म्हणायचे, छान. शेजारीण म्हणायची, छान. माझी सगळी उमेदीची वर्षं त्या एका शब्दावर गेली. हात सफाईदार झाला, पण नजर जिथे होती तिथेच राहिली. त्या काळात माझ्या मांडीवरचं कापड उचलून ‘इथे तू कंटाळली होतीस’ असं सांगणारी एक बाई मला मिळाली असती, तर मी आज वेगळं काम करत असते. याचं मला फार वाईट वाटतं. तुला नाही कळायचं किती, कारण तुला ती माणसं आयती मिळाली आहेत आणि तू त्यांच्यापासून पळते आहेस!

म्हणून आपल्या गटात ‘छान’ म्हणायला बंदी आहे. मला माहीत आहे यावरून माझ्यामागे काय बोलतात. हेकट आहे, नव्या मुलींना टिकू देत नाही. एक जण रडून गेली, परत आली नाही, तेही खरं. तिच्या जाण्याने मला त्रास झाला, अजूनही होतो. तरी नियम बदलणार नाही. रविवारची दुपार सोडून, मुलंबाळं कोणाच्या तरी गळ्यात घालून, बस पकडून कुपवाडहून, मिरजेहून बायका येतात त्या कौतुकाची देवाणघेवाण करायला नाही. कौतुक घरीही मिळतं. अर्ध्यात असलेल्या कामाकडे नीट बघणारे डोळे घरी मिळत नाहीत. ते जिथे मिळतात ती एक जागा तरी मला राखायची आहे, आणि ती राखताना मी वाईट ठरले तर ठरू दे.

पण तुझी कुचंबणाही मला दिसते. इतक्या जणींचं ऐकायचं तर वाकळ तुझी राहते कुठे? मग हे पक्कं धर. ज्या ‘असं कर’ म्हणतात त्या त्यांची वाकळ शिवत असतात, तुझी नाही. होड्या काढ म्हणणारीला स्वतःला होड्या काढायच्या आहेत. काढू दे तिला. ज्या ‘इथे असं झालंय’ म्हणतात, त्यांचं मात्र कानात साठव. आक्कांनी वाकळ कशी असावी हे सांगितलं नाही, चुणी कुठे आहे ते सांगितलं. आणि तूही कापड पसरून ‘कसं वाटतंय?’ असं विचारू नकोस. त्या प्रश्नाला सात उत्तरं येणारच. ‘ही ओळ मला वाकडी जाताना वाटते, का जातेय?’ असं विचार. अडलेल्या जागी बोट ठेवून विचारलंस की बायका आपली मतं विसरून त्या जागेकडे बघतात.

काठाने फिरत आत येणारा धावदोरा हवा म्हणणारीचं मात्र झटकून टाकू नकोस. ती रीतीसाठी बोलली, पण रीतीला कारण आहे. चारी कडांनी फिरलं की ओढ चारी बाजूंना वाटली जाते. तुला आडव्या ओळीच हव्यात, पाणी आडवंच चढतं, मान्य. मग ती ओढ कच्च्या टाक्यांनी टाचून सांभाळावी लागेल. बिहारमध्ये मुझफ्फरपूरजवळच्या भुसुरा गावात बायका १९८८ पासून सुजनीवर, म्हणजे त्यांच्याकडच्या वाकळीवर, हुंडा, दारू, मुलींचं शिक्षण असले विषय भरतायत. जुन्या सुजनीवर असलं काही नसायचं. विषय नवा आला, पण धावदोऱ्याची शिस्त त्यांनी सोडली नाही. तुलाही सोडता येणार नाही.

घरी बसून एकटीने दुरुस्त करायला जाऊ नकोस, तू उसवताना ओढतेस. टाका मध्ये कापायचा, दोन्ही बाजूंनी अलगद काढायचा. आधी वीत-वीत अंतरावर उभी आडवी कच्ची टाचणी घालू, सतरंजीवर सपाट पसरून, दोघीतिघी बसून. तासाभराचं काम आहे. त्यानंतर तिसऱ्या ओळीपासूनच्या ओळी काढू. पहिल्या दोन चांगल्या आहेत, त्यांना हात लावायचा नाही.

दुसऱ्या रविवारी तीन वाजता ये. वाकळ आहे तशी आण, इस्त्री करून नको, इस्त्रीने चुणी लपते आणि आक्कांना पुन्हा शोधत बसावं लागतं. त्या पुराच्या लुगड्यांतलं उरलेलं जुनेरही सगळं घेऊन ये. तिसऱ्या ओळीखालचं सूत मी उजेडात धरून पाहिलं होतं, तिथे ठिगळ लागणार आहे.

तुझी,
काकू