कोम्ब-फिल्टर बांधताय? आधी रेषांकडे बघा

ऑप्टिकल कोम्ब, म्हणजे सारख्या अंतरावरच्या अनेक लेझर-रेषा, वापरून मायक्रोवेव्ह फिल्टर करायचा म्हणून लगेच नेटवर्क ॲनालायझरला (फिल्टरचा प्रतिसाद मोजणाऱ्या यंत्राला) चिकटू नका. आधी ऑप्टिकल स्पेक्ट्रम ॲनालायझरवर (प्रकाशातल्या रेषा दाखवणाऱ्या यंत्रावर) कोम्ब नीट बघून घ्या, कारण प्रत्येक रेषा हा फिल्टरचा एक टॅप (सिग्नलची ठरावीक उशिराने येणारी एक प्रत) असतो आणि तिची पॉवर हे त्या टॅपचं वजन. रेषा जितक्या जास्त, पासबँड (फिल्टर आरपार जाऊ देतो तो पट्टा) तितका अरुंद.

हिशेब कागदावर होतो. 50 गिगाहर्ट्झ अंतराचा कोम्ब 1550 नॅनोमीटरपाशी म्हणजे 0.4 नॅनोमीटर. साध्या सिंगल-मोड फायबरचं डिस्पर्शन (तरंगलांबीनुसार पडणारा उशीर) किलोमीटरला 17 पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर. 10 किलोमीटर फायबर घातलं की शेजारच्या टॅपमध्ये 68 पिकोसेकंदांचा उशीर पडतो, म्हणजे पासबँड दर 14.7 गिगाहर्ट्झला.

सगळ्या रेषा सारख्या उंचीच्या असल्या तर साइडलोब (पासबँडच्या बाजूचे नको असलेले उंचवटे) जेमतेम 13 डीबी खाली राहतात. पल्स शेपरने (प्रत्येक रेषेची पॉवर वेगवेगळी बदलणाऱ्या उपकरणाने) रेषांना गॉसियन, म्हणजे घंटेसारखा, आकार द्या, मग फरक बघा! पर्ड्यू विद्यापीठातल्या गटाने 2012 मध्ये गॉसियन कोम्बचं हे सामर्थ्य फार सुंदर दाखवलं होतं. ॲम्प्लिफायरनंतर मात्र आकार पुन्हा तपासा, त्याचा गेन सगळीकडे सारखा नसतो.

आणि मॉड्युलेशन, म्हणजे मायक्रोवेव्ह सिग्नल रेषांवर चढवणं, सिंगल-साइडबँडच (रेषेच्या एकाच बाजूला) ठेवा. दोन्ही साइडबँड ठेवले तर याच फायबरमध्ये 19 गिगाहर्ट्झच्या आसपास सिग्नल जवळजवळ पुसला जातो, आणि 14.7 लाही चार-साडेचार डीबी गमावता.