व्हायरस बाई-पुरुष बघत नाही, मग साथीच्या जागतिक धोरणात जेंडर कशाला आणतात?

व्हायरसचं सोडा, तोही थोडाफार बघतोच, कोविडमध्ये पुरुष जास्त गेले. पण आदेश निघतो तेव्हा तो कोणाच्या अंगावर पडतो याने लय फरक पडतो. मी चोपडा तालुक्यात एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स आहे, जे बघितलं ते सांगते.

१६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांची लस सुरू झाली. आमच्या एक आशाताई तेव्हा पाच महिन्यांच्या गरोदर. बाकी सगळ्यांना टोचली, त्यांना नाही, कारण गरोदर बाईला परवानगीच नव्हती, आणि ड्युटी मात्र तीच, घरोघर जाऊन ऑक्सिजन बघा, ताप बघा, पॉझिटिव्हच्या दारात उभं राहा. मला म्हणे, "ताई, सर्वेले मी चालस, मंग लसले का बरं नही?" काय उत्तर देणार? परवानगी आली २ जुलैला, तोवर दुसरी लाटही गेली आणि त्यांचं बाळंतपणही झालं होतं.

उशीर का, तर लसीच्या मुख्य चाचण्यांत गरोदर बाया घेतल्याच नव्हत्या, म्हणून डेटा नाही, डेटा नाही म्हणून लस नाही. बरं हे नवीन पण नव्हतं, आफ्रिकेत काँगोमध्ये २०१८ च्या इबोलाच्या साथीत पण गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना आधी लसीतून बाहेरच ठेवलं होतं, २०१९ मध्ये बदललं. दोन वर्षांत परत तेच, याचा मला खरंच राग येतो.

आणि आफ्रिकेतल्याच सिएरा लिओनमध्ये तर त्याआधीच्या इबोलात शाळा बंद होत्या, त्या काळात बऱ्याच पोरींना दिवस गेले, आणि २०१५ ला शाळा उघडल्या तेव्हा सरकारने पोट दिसणाऱ्या पोरींना शाळेत यायलाच बंदी केली, ती उठली २०२० ला. एवढ्या वर्षांत पोरगी शाळेत परत येते का, तुम्हीच सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेचाच २०१९ चा रिपोर्ट आहे, जगात आरोग्याचं काम करणाऱ्यांत ७० टक्के बाया, वरच्या पदांवर २५ टक्के. आशांना कोविडच्या कामाचे केंद्राकडून तेव्हा महिन्याला १००० रुपये जास्तीचे मिळायचे, म्हणजे रोजचे ३३. हा आकडा ठरवणाऱ्या टेबलावर एखादी आशा बसली असती तर तो असा राहिला नसता असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून पुढच्या साथीचं कुठलंही धोरण आलं की मी तीनच गोष्टी शोधणार, पहिल्या चाचणीपासून गरोदर बाया आहेत का, पेशंट आणि मृत्यूचे आकडे बाई-पुरुष वेगळे देणार का, आणि आशाताईंचे पैसे कोणत्या तारखेला.