मुंबईत वसंत जाणवतो का आणि बागेतलं तुमचं आवडतं फूल कोणतं?

जाणवतो की! फेब्रुवारी-मार्चमध्ये ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने विक्रोळीवरून जाऊन बघा, गुलाबी टबेबुया असा फुलतो की ट्रॅफिकचंसुद्धा काही वाटत नाही. झाड मूळचं अमेरिका खंडातलं, पण आता आपलंच झालंय. भायखळ्याच्या राणीबागेत याच सुमारास उर्वशीच्या झाडाला लाल-पिवळ्या फुलांचे झुंबर लटकतात, ते एकदा तरी बघाच, आणि एप्रिलमध्ये बहावा, ताम्हण (आपलं राज्यफूल) सुरू होतातच.

पण घरातलं विचाराल तर मोगरा, दुसरं काही नाही. संध्याकाळी पांढऱ्या कळ्या टम्म फुगलेल्या असतात, अंधार पडला की हळूहळू उमलायला लागतात आणि मग ग्रिलजवळ नुसतं उभं राहिलं तरी सगळा दिवसाचा शीण जातो, खरंच सांगतेय.

बाल्कनीत लावायचा असेल तर पाच-सहा तास कडक ऊन हवंच, सावलीत नुसती पानं येतात. कळ्या नव्या फुटीच्या टोकाला धरतात, म्हणून जानेवारीच्या शेवटी छाटायचा, थोडे दिवस पाणी कमी करायचं, नवे कोंब दिसले की शेणखत किंवा गांडूळखत घालून पाणी वाढवायचं, आणि पहिला बहर ओसरला की फुलं येऊन गेलेली टोकं खुडायची, लगेच नवी फूट येते. नर्सरीतून घेताना बेलमोगरा किंवा बटमोगरा मागा, दोन्ही कुंडीत छान येतात. ऊन कमी असेल तर मात्र मोगऱ्याचा हट्ट नको, पीस लिली लावा.