सण-उत्सव करणारे धार्मिक लोक पर्यावरणासाठी खरंच काही करतात का?

हो करतात, आपल्या नागपुरातच बघा ना. आधी फुटाळा, सोनेगाव, गांधीसागर सगळीकडे गणपतीच्या मूर्ती थेट तलावात जायच्या, आता मनपा कृत्रिम टँक ठेवते आणि लोक तिथे रांग लावून विसर्जन करतात. पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात लवकर विरघळत नाही, वरून रासायनिक रंग, म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पीओपीच्या मूर्ती नकोतच असं सांगितलं. आम्ही मूर्तिकारांच्या चितार ओळीतून मातीचा बाप्पा आणतो, अंगणात बादलीत ठेवला की सकाळी खाली नुसता गाळ उरतो, तो आई तुळशीला घालते, उरलेला जास्वंदाला. ख्रिश्चनांमध्ये पोप फ्रान्सिस यांनी २०१५ ला पर्यावरणावर अख्खं पत्रच काढलं होतं. पण मोठ्या मंडळांनी उंची कमी करायलाच हवी, त्यांचा बाप्पा काही बादलीत मावत नाही.