रंग गेला, पण प्रदूषण गेले का?

प्रश्न : मिथिलीन ब्लूच्या निळ्या द्रावणात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड मिसळून आम्ही ते उन्हात ठेवले. काही तासांत पाणी रंगहीन झाले. हा रंग नेमका कोठे जातो? असे पाणी शुद्ध समजावे काय? आणि उपाय इतका सोपा असेल, तर रंगकामाच्या सांडपाण्यासाठी तो सर्रास का वापरला जात नाही?

उत्तर : टायटॅनियम डायऑक्साइड हा अर्धवाहक (सेमीकंडक्टर) आहे. त्याच्या ‘अ‍ॅनाटेज’ या स्फटिकरूपावर सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील, प्रकाश पडला की त्यातील इलेक्ट्रॉन ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्टची ऊर्जादरी ओलांडून वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो आणि मागे धनप्रभारित पोकळी उरते. ही पोकळी पाण्यापासून किंवा पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटांपासून हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला अतिक्रियाशील कण, तयार करते. तिकडे इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो. हायड्रॉक्सिल मूलक इतका आक्रमक असतो की समोर येणाऱ्या जवळजवळ कोणत्याही सेंद्रिय रेणूवर तो तुटून पडतो. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये याच पदार्थाच्या विद्युतअग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन दाखवले आणि या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

आता तुमच्या मूळ शंकेकडे वळू. रंग नाहीसा होण्याची कारणे एकाहून अधिक असू शकतात, आणि डोळ्यांना ती सगळी सारखीच दिसतात. रंगद्रव्य न बदलता नुसते पुडीच्या कणांना चिकटले, तरी वरचे पाणी फिके पडते. याला अधिशोषण म्हणतात. ऑक्सिजन कमी पडला, तर मिथिलीन ब्लूचे क्षपण होऊन (म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळून) त्याचे रंगहीन ‘ल्यूको’ रूप तयार होते आणि बाटली उघडून हलवली की हवेच्या संपर्काने निळा रंग परत येतो. तिसऱ्या शक्यतेत रेणूचा रंग देणारा भाग खरोखर तुटतो, पण उरलेले तुकडे पाण्यातच राहतात. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे सल्फेट आणि नायट्रोजनचे अमोनियम किंवा नायट्रेट होईपर्यंत विघटन पूर्ण झाले असे म्हणता येत नाही, आणि ही अवस्था रंग गेल्यानंतर बऱ्याच उशिरा येते. अ‍ॅझो रंगांच्या, म्हणजे रेणूत दोन नायट्रोजन अणूंची जोडी असलेल्या रंगांच्या, बाबतीत तर अधिकच सावध राहावे लागते, कारण दोन नायट्रोजन अणूंमधला बंध तुटताच रंग जातो, परंतु काही परिस्थितींत त्यातून अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स (बेन्झीनसारख्या वलयाला नायट्रोजन जोडलेली संयुगे) मागे राहू शकतात आणि त्यांपैकी बेन्झिडीनसारखी काही कर्करोगकारक आहेत. म्हणून नुसते रंगहीन झालेले पाणी शुद्ध समजू नये. त्यातील एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला, हे मोजावे लागते.

या प्रयोगांसाठी मिथिलीन ब्लू इतके लोकप्रिय असावे, याचे मला थोडे नवलच वाटते. ते स्वतःच दृश्य प्रकाश शोषते आणि आपला इलेक्ट्रॉन उत्प्रेरकाला, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या पुडीला, देऊन स्वतः मोडू शकते. त्यामुळे ‘आमचा उत्प्रेरक दृश्य प्रकाशात चालतो’ हा निष्कर्ष केवळ या रंगाच्या आधारे काढणे धोक्याचे ठरते.

सर्रास वापर न होण्याचे मोठे कारण प्रकाशाचे आहे. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के असतो, आणि त्यातून निर्माण झालेले बहुतेक इलेक्ट्रॉन काही काम करण्याआधीच पोकळीशी पुन्हा जुळतात. शिवाय सांडपाणी प्रयोगशाळेतील द्रावणासारखे नसते : गडद रंग प्रकाशाला आत शिरू देत नाही, क्लोराइड व बायकार्बोनेट मूलकांना वाटेतच गाठतात, आणि शेवटी ती बारीक पूड गाळून वेगळी करणे हे एक स्वतंत्र कामच होऊन बसते. पूड काचेवर पक्की बसवली तर गाळण्याचा त्रास वाचतो, मात्र पाण्याशी संपर्काचे क्षेत्रफळ घटते. ग्राफायटिक कार्बन नायट्राइड या दुसऱ्या अर्धवाहकाची ऊर्जादरी सुमारे २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने ते निळा प्रकाशही वापरू शकते. मात्र त्यातही इलेक्ट्रॉन आणि पोकळी लवकर एकत्र येतात.

प्रयोग पुन्हा करणार असाल, तर एका बाटलीत फक्त रंग ठेवून ती उन्हात ठेवा आणि दुसरीत रंग व पूड घालून ती पूर्ण अंधारात ठेवा. तिसरी, म्हणजे रंग व पूड असलेली तुमची मूळ बाटली, उन्हात नेण्यापूर्वी अर्धा तास अंधारात ढवळा आणि त्यानंतरच्या रंगाची तीव्रता ही सुरुवात धरा. शेवटी खाली बसलेली पूडही पाहा. ती निळसर दिसली, तर काही रंग अजून तिच्यावरच आहे.